धावपट्टीवर अनवाणी

“पाह्य वो, निघाला अनवाणी. सासुरवाडीले बी एवढ्या बेतानं पाय टाकत गेला नसन हा माणूस.”

हे फुलाबाई तिच्या जावेला म्हणाली. मला ऐकू यावं असं तिच्या मनात नव्हतं. पण मी त्या दोघींपासून दहा पावलांवर, पळसाच्या झाडाखाली, हातात गुंडाळलेला लाल झेंडा घेऊन उभी होते, आणि मी गप्प उभी असले की लोक मला झाडाचाच भाग समजतात. जाऊ सुपामागे तोंड लपवून हसली. समोरून काका येत होते. खाकी पँट घोट्याच्या वर दुमडलेली, चपला हातात, मान खाली. एक पाऊल टाकायचे, तळवा डांबरावर थोडा घासून पाहायचे, मग दुसरं टाकायचे. मध्येच वाकून काहीतरी उचलायचे आणि शर्टाच्या खिशात घालायचे. खडा, खिळा, धानाचा एखादा दाणा.

“मिस्त्री, दाना सापडला तं वापस करजा, आमचा आहे तो,” फुलाबाई मोठ्यानं ओरडली.

“वापस करतो ना बाई. पन आधी तो माह्या गाडीखाली काहून आला ते इचार त्याले,” काका मान वर न करता म्हणाले.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. ही धावपट्टी गोंदियाच्या बाजूला, युद्धाच्या काळात बांधलेली. विमान तिथं वर्षातून कधीतरी उतरायचं. एरवी तिच्यावर दोघांचा हक्क चालायचा. धानाची कापणी झाली की आसपासच्या गावांतल्या बाया मळणी केलेलं धान डांबरावर पसरून वाळवायच्या, कारण खळ्याच्या मातीपेक्षा तिथं ते निम्म्या वेळात वाळायचं आणि त्यात खडे यायचे नाहीत. आणि हिवाळ्यातल्या काही रविवारी सकाळी आमच्या जिल्ह्यातले दहा-बारा मोटारवाले आपापली गाडी घेऊन तिथं यायचे, काकांच्या देखरेखीखाली ती जोरात चालवायला. परवानगीचा अर्ज काका दर वेळी स्वतः हातानं लिहून कचेरीत नेऊन द्यायचे. अर्जात ते ‘वाहन सुरक्षितपणे चालविण्याचा सराव’ असं लिहायचे, आणि ते अगदी खरं होतं. बाहेरच्यांना ते खोटं वाटायचं.

धावपट्टीचा अर्धा भाग बायांचा, अर्धा काकांचा. मध्ये चुन्याची रेघ. काकांच्या भागात धावपट्टीची सरळ वाट, टोकाला एक वळण, शेजारच्या अरुंद रस्त्यानं परतीची वाट आणि पळसाजवळ दुसरं वळण, असा गोल आखलेला. वळणांच्या बाहेरच्या अंगाला आमच्या राइस मिलमधली कोंडा भरलेली पोती, दोन-दोन थरांत रचलेली. गाडी सुटलीच तर कोंड्यात जाऊन बसावी म्हणून.

काका आमचे भाडेकरू. तुमसरला आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. नाकाडोंगरीकडच्या मॅंगनीजच्या खाणीत त्यांनी सगळी नोकरी गाड्या दुरुस्त करण्यात काढली होती. निवृत्त होताना खाणीतल्या एका साहेबाची मोडकी हेराल्ड मोटार त्यांनी बैलगाडीला बांधून तुमसरला आणली आणि दीड वर्ष आमच्या आवारात तिचा एकेक भाग वर्तमानपत्रावर मांडून बसले. आईला वाळवणं घालायला जागा उरली नव्हती. शेवटी गाडी सुरू झाली तेव्हा आईनंच तिला कुंकू लावलं. काकांनी ते पुसलं नाही, पण काचेवर लावलेलं खाली बॉनेटवर घ्यायला सांगितलं. “समोर दिसलं पाह्यजे ना वैनी.”

हा रविवारचा उद्योग त्यांनी का सुरू केला, ते मला कधी सरळ कळलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं. पण त्यांचं एक वाक्य मी चार-पाच वेगवेगळ्या माणसांशी बोलताना ऐकलं होतं. “रस्त्यावर शिकते तो दुसऱ्याच्या बैलावर शिकते. इथं कोंड्यावर शिका.” खाणीच्या रस्त्यावरून त्यांनी किती गाड्या आणि किती माणसं ओढून बाहेर काढली असतील, ते या वाक्यामागे असणार. त्याबद्दल मात्र ते बोलायचे नाहीत.

शर्यत हा शब्द त्यांच्यापुढे काढायचा नाही. आल्याआल्या ते एक स्टीलचा डबा सगळ्यांपुढे फिरवायचे आणि लोक मनगटावरची घड्याळं काढून त्यात टाकायचे. एरवी आमच्याकडे असा डबा प्रसादाचा फिरतो. “घड्याळ पाह्यलं का माणूस शर्यत करते. स्वतःशी करते, मंग दुसऱ्याशी करते. इथं आपलीच गाडी आहे आन् आपल्यालेच तिच्यात बसून घरी जायचं आहे.” डब्याला कुलूप लागायचं आणि किल्ली काकांच्या खिशात जायची.

तेंदूपत्त्याचे एक कंत्राटदार यायचे, नवी कोरी अॅम्बेसेडर घेऊन. आवाज मोठा, मन तसं वाईट नाही. एकदा ते गोल फिरून आले आणि दार उघडताच म्हणाले, “सत्तावन्न!”

काकांनी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ नव्हतं.

“मनातल्या मनात मोजलं, काका. एक, दोन, तीन, चार...”

“बरं केलं. मंग आज बाकीची गाडी बी मनातल्या मनातच चालवा.”

आणि त्यांना खरोखर पूर्ण सकाळ टोकाच्या वळणावर झेंडा घेऊन उभं केलं. कंत्राटदार उन्हात उभे राहिले. मला वाटलं, हे आता पुन्हा येणार नाहीत. पुढच्या वेळी सगळ्यांत आधी त्यांचीच गाडी आलेली होती.

गाडीत सुटी वस्तू एकही ठेवायची नाही, हा दुसरा नियम. स्टेपनी, जॅक, पाण्याची बाटली, छत्री, पानाचा डबा, पायाखालची सतरंजी, सगळं बाहेर. वळणावर घरंगळत येऊन ब्रेकखाली अडकणारी बाटली माणूस मारू शकते, हे ते प्रत्येक नव्या माणसाला बाटली हातात धरून दाखवायचे. मग देव. डॅशबोर्डावरचे गणपती, साईबाबा, देवीची तसबीर, हे सगळे ते दोन्ही हातांनी उचलायचे आणि झाडाखाली अंथरलेल्या चादरीवर ओळीनं बसवायचे. कोणाला वाईट वाटलं तर म्हणायचे, “देवाले काहून घाबरवता? त्याले सावलीत बसू द्या. तो इथूनच पाह्यते.” दुपारी परत निघताना देवांची अदलाबदल व्हायची. एकदा एका मुसलमान मेकॅनिकच्या फियाटमधून गणपती बालाघाटपर्यंत जाऊन आला आणि त्यानं तो पुढच्या रविवारी हार घालून परत आणला.

बाकीही खूप होतं. जुन्या मिलच्या पट्ट्याचे तुकडे कापून, त्यांना लष्करी बाजारातली बक्कल लावून त्यांनी गाड्यांत कमरेचे पट्टे बसवले होते. डोक्याला खाणीतल्या कामगारांच्या टोप्या, हनुवटीखाली नाडी घट्ट. पुढच्यानं हात दाखवल्याशिवाय त्याला ओलांडायचं नाही, आणि ओलांडायचं ते सरळ वाटेवरच. शेवटचा फेरा सगळ्यांनी सावकाश मारायचा, ब्रेक थंड व्हायला. आणि नवा माणूस आला तर पहिले तीन फेरे काका त्याला आपल्या शेजारी बसवून हेराल्डमधून मारणार. तो तीन फेऱ्यांत कंटाळला तर त्याला पुढं येऊ देणार, थरारला तर नाही.

मी या सगळ्यात कशी आले? नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आणि मग कॉलेजात होस्टेलवर दहा वर्षं काढून मी घरी परत आले होते. शाळेत मराठी बोलले की उभं करायचे. घरी आल्यावर माझं मराठी ऐकून चुलत बहिणी हसायच्या, “मॅडम, जरा हळू बोला, समजून नाही राहिलं.” दोन्हीकडून मी हळूहळू बोलणंच कमी केलं होतं. काकांना त्याचं काही नव्हतं. ते हेराल्डखाली पडून हात बाहेर काढायचे आणि मी त्यात बारा नंबरचा पाना ठेवायची. तीन महिन्यांत आमचं एवढंच संभाषण झालं असेल.

मग एक दिवस गाडीखालून आवाज आला, “बेटा, तू पाहतेस चांगलं. चालवशीन?”

शिकवताना त्यांनी मला चप्पल काढायला लावली. उभ्या गाडीत ब्रेकच्या पायपट्टीवर भाजलेला पापड ठेवला आणि म्हणाले, याच्यावर पाय टेक, पापड मोडला नाही पाहिजे. मग थोडा दाब. मग अजून थोडा. कुठं मोडते ते तळव्याले विचार. मी पहिल्या दिवशी अकरा पापड मोडले.

“भाऊजी, माहे पापड गाडीले काहून चारून राहिले?” आई स्वयंपाकघरातून ओरडली.

“तिचं जेवण होत आलं, वैनी!”

ब्रेक दाबायचा नसतो, ऐकायचा असतो, असं ते म्हणायचे. पाय कानासारखा झाला पाहिजे. त्यांचे स्वतःचे पाय मी तेव्हा नीट पाहिले. रुंद, भेगाळलेले, पण बोटं कशी जागी असायची. डांबरावरचा एक दाणा त्यांना तळव्याखाली लगेच कळायचा. धानाच्या दाण्यांवरून गाडी जशी सरकते तशी चिखलावरूनही सरकत नाही, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. सायकल घेऊन पडलेला नाही असा माणूस आमच्या भागात सापडणार नाही. म्हणून ते दर रविवारी पहाटेपासून पूर्ण गोल अनवाणी चालायचे.

मला त्यांनी पळसाच्या वळणावर लाल झेंडा दिला. त्याशिवाय एक काम दिलं. माझ्या पुढं पंधरा पावलांवर त्यांनी चुन्याची एक आडवी रेघ मारली होती. गाडी माझ्यासमोरून गेली की तिची पाठ मला दिसायची, आणि त्या रेघेवर मागचा लाल दिवा पेटला पाहिजे, म्हणजे ब्रेक वेळेवर लागला. “चाकाकडं पाहू नको, धुळीकडं पाहू नको. दिवा कुठं लागला तेवढं ध्यानात ठेव.” घरी परतताना गाडीत ते विचारायचे आणि मी सांगायची. कंत्राटदार, रेघेच्या अलीकडे दोन वेळा, पलीकडे चार वेळा. बँकेचे साहेब, नेहमी अलीकडे. माझा आवाज मलाच नवा वाटायचा. काकांचा दिवा कधी चुकला नाही. रेघ आणि दिवा, जणू एकाच तारेला जोडलेले होते.

दुसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी काका आमच्या ओसरीवर चहा पीत बसले होते. चहा बिनसाखरेचा. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ते चहाबरोबर वेगळा गुळाचा खडा मागायचे, आता “गोड नाही आवडून राहिलं” म्हणायचे. पाय पुढे पसरलेले होते. बाबांशी ते टायरमधल्या हवेविषयी काही बोलत होते. मी समोर तांदूळ निवडत होते. त्यांच्या उजव्या टाचेत बाभळीचा काटा होता. अर्धा मोडलेला, बोटाच्या पेराएवढा, आणि त्याच्याभोवती रक्त वाळून काळं झालं होतं. म्हणजे तो आत्ताचा नव्हता, निदान सकाळचा होता. त्याच पायावर ते दिवसभर चालले होते.

त्यांनी माझी नजर पाहिली. पाय वळवून पाहिला. खिशातून पक्कड काढली, काटा ओढला, उजेडात धरला.

“कवाचा आहे कोन जाने,” ते म्हणाले आणि हसले. “चामडी जाड झाली आता माही.”

बाबाही हसले. मी हसले नाही. चामडी जाड झालेल्या माणसाला काटा उशिरा कळतो. पण ओढून काढतानासुद्धा त्यांचा चेहरा हलला नव्हता. मला फार उत्सुकता वाटली, आणि मग त्या उत्सुकतेचीच भीती वाटली.

पुढच्या रविवारी पहाटे मी त्यांच्या मागे, पन्नासेक पावलांवर, चपला काढून चालू लागले. थंडीत डांबर बर्फासारखं लागत होतं. टोकाच्या वळणावर मूठभर धान सांडलेलं होतं. काका त्याच्यावरून गेले. थांबले नाहीत, वाकले नाहीत. तळवा नेहमीसारखा घासला, मान डोलावली आणि पुढं गेले. मी ओढणीच्या टोकानं ते दाणे गोळा केले आणि कडेला टाकले.

त्यानंतर दर रविवारी मी तसंच केलं. काकांनी एकदा मागं वळून पाहिलं. “बेटा, तू बी अनवाणी?” मी मान हलवली. ते खूश झाले. त्यांना वाटलं, मी शिकते आहे.

मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तर काय सांगणार होते? की ज्यांनी मला पायानं ऐकायला शिकवलं त्यांच्या पायाला आता ऐकू येत नाही? बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी हेराल्डची किल्ली काढून घेतली असती, आणि काकांकडे हेराल्डशिवाय दुसरं काय होतं ते मला माहीत होतं. आणि दिवा तर अजून रेघेवरच लागत होता. मी दर रविवारी श्वास रोखून पाहायची. लागला. लागला. थोडा उशिरा, पण लागला. आपण पाहतो आहोत म्हणजे काही होणार नाही, असं मला वाटत असावं.

त्या रविवारी तुमसरच्या दवाखान्यात नव्यानं बदलून आलेले एक डॉक्टर आले होते, आणि मिलमधली पोती घेऊन बाबाही. नवा माणूस, म्हणून पहिले तीन फेरे काकांच्या शेजारी. डॉक्टरांनी खाणीची टोपी घातली, पट्टा बांधला, सगळ्यांकडे पाहून हात हलवला. फुलाबाई आणि तिची जाऊ मधल्या रेघेपलीकडे आपल्या ढिगाशी बसल्या होत्या.

पहिला फेरा. दिवा रेघेवर. दुसरा फेरा. दिवा रेघेच्या बराच पलीकडे, गाडी वळणात थोडी बाहेर गेली आणि सावरली. मी झेंडा सोडवायला घेतला. बोटांना गाठ सुटेना.

तिसऱ्या फेऱ्याला हेराल्ड माझ्यासमोरून गेली. रेघ गेली. दिवा लागला नाही. मी वाट पाहत राहिले आणि दिवा लागलाच नाही. इंजिनाचा आवाज उलट वाढला. गाडी सरळ पोत्यांत घुसली, दोन थर फोडून पलीकडे गेली, बायांच्या बाजूची चुन्याची मधली रेघ ओलांडली आणि कोंड्याच्या धुरळ्यात थांबली. फुलाबाईची जाऊ सूप हातात धरून तशीच बसली होती. तिच्या आणि हेराल्डच्या बंपरमध्ये चार हातांचं अंतर होतं.

डॉक्टरांच्या कपाळाला टेंगूळ आलं. काकांना काहीच लागलं नव्हतं. ते खाली उतरले, आधी जावेकडे गेले, तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले. मग परत येऊन गाडीत हात घालून ब्रेक दाबून पाहिला. ब्रेक कडक होता. मागचा दिवाही पेटत होता.

“सगळे बसा,” ते म्हणाले.

काही बिनसलं की काका सगळ्यांना जमिनीवर गोल बसवायचे आणि प्रत्येकानं काय पाहिलं ते सांगायचं. सगळ्यांत लहान असेल त्यानं आधी, म्हणजे मोठ्यांचं ऐकून तो आपलं बदलणार नाही. मी सगळ्यांत लहान होते. आतापर्यंत दर वेळी मी “नंतर” म्हणून सुटले होते.

“बोल बेटा. तूच होतीस तिथं.”

“नंतर,” मी म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, “मला काहीच कळलं नाही. मी डोळे मिटले होते.” कोणी हसलं नाही. बँकेच्या साहेबांना लांबून दिसलं नव्हतं, पण दाणे असावेत असं वाटत होतं. बाबा म्हणाले, दुसरं काय असणार. कंत्राटदारांना शंकाच नव्हती.

“धान, काका. दुसरं काय? ब्रेक ठीक, टायर ठीक, चालवणारे तुम्ही. या बाया रोज इथं सांडवतात. मी मागंच म्हणालो होतो.”

काका म्हणाले, “मी ब्रेक दाबला. मले चांगलं आठवते. दाबला आन् गाडी सरकली. दानेच असन.” ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा चेहरा मला माहीत आहे. त्यांना खरंच आठवत होतं.

फुलाबाई गोलाच्या बाहेर उभी होती. तिला कोणी विचारलं नव्हतं.

“आमी झाडलं होतं, मिस्त्री. खराट्यानं. दोनदा झाडलं. पळसापावतर.”

“तू तं म्हनशीनच,” कंत्राटदार म्हणाले.

“मंग काय म्हनू? न झाडता झाडलं म्हनू?”

“माही जाऊ मेली असती आज,” ती पुढं म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “आन् दोष आमच्याच धानावर?”

“बाई, माणूस मेला असता म्हणूनच सांगतो आहे,” कंत्राटदार म्हणाले. “काका, कचेरीत अर्ज द्या. एका जागेवर दोन कामं नाहीत. या सालापासून धान बंद इथं. तुम्ही म्हणाल तसं होईल, तुमच्या शब्दाला तिथं किंमत आहे.”

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. ही धावपट्टी अर्धी बायांची, हे सगळ्यांत जास्त काकांनीच आजवर धरून ठेवलं होतं. मागच्या वर्षी एका मोठ्या अधिकाऱ्याला त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की या बाया आधीच्या, आम्ही मागाहून आलो. आता ते जमिनीकडे पाहत होते. उजवा पाय त्यांनी पुढं पसरला होता. तळव्याला कोंडा चिकटला होता, आणि अंगठ्याच्या खाली काचेनं कापल्यासारखी एक फट होती, त्यातून रक्त निघून कोंडा लाल होत होता. त्यांना त्याची खबर नव्हती.

“फुलाबाई,” काका म्हणाले. बाई नव्हे, नाव घेऊन, आणि ते फार अवघड जात होतं त्यांना. “तुमचं धान पुढच्या हप्त्यापासून... दुसरीकडं न्या. मी नाही म्हनू शकत आता. जीव गेला असता.”

फुलाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि ढिगाकडे वळली. एवढं धान आता पुन्हा पोत्यांत भरून बैलगाडीवर चढवायचं, खळ्यावर नेऊन पसरायचं, ढग येण्याच्या आत. जावेनं सूप खाली ठेवलं आणि पोतं उघडून धरलं.

त्या सकाळी पळसाचं वळण मी या पायांनी दोनदा चालले होते. पहिल्यांदा काकांच्या मागे, आणि मन मानेना म्हणून पुन्हा एकदा एकटी. तिथं काही नव्हतं. खडा नव्हता. दाणा नव्हता.

मी उठून उभी राहिले. याआधी कधी एवढ्या माणसांत उभी राहिलेली मी मला आठवत नाही. बाबांनी वर पाहिलं, त्यांना वाटलं मी घरी चला म्हणते आहे. काकांनीही पाहिलं. त्यांच्या नजरेत, इतकं सगळं होऊनही, तेच कुतूहल होतं, या पोरीनं काय पाहिलं असेल याचं.

“काका,” मी म्हणाले, “वळणावर एकही दाणा नव्हता. तुमचा दिवा लागला नाही. ब्रेक तुम्ही दाबलाच नाही, आणि तुमच्या पायानं तुम्हाला ते सांगितलं नाही.”